दादासाहेब मावळणकरांची खुर्ची

२४ जानेवारी १९४६ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात अध्यक्षपदासाठी मतदान झाले. एकीकडे सर कावसजी जहांगीर, दुसरीकडे काँग्रेसचे गणेश वासुदेव मावळणकर. सभागृहात नामनियुक्त सदस्य आणि सरकारी अधिकारीही बसत असत आणि काँग्रेसकडे स्वतःच्या बळावर बहुमत नव्हते. मावळणकर ६६ विरुद्ध ६३ असे निवडून आले. फरक तीन मतांचा.

तीन मतांनी जिंकलेल्या आमदाराचे काही अडत नाही. अध्यक्षाचे अडते. ज्या ६३ जणांनी आदल्या दिवशी ‘हा माणूस नको’ म्हणून मत दिले, त्यांनाच दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे बोलायची परवानगी मागायची असते. आणि ती मागताना इथे आपले ऐकले जाईल असा भरवसा त्यांना वाटावा लागतो. मावळणकरांची पुढची दहा वर्षे या भरवशाच्या उभारणीत गेली. बहुमतवाल्यांना अध्यक्षाची फारशी गरज नसते, त्यांचे काम हात वर करून होते. अध्यक्ष लागतो तो ज्यांच्याकडे मते कमी आहेत त्यांना. मावळणकरांना हे कळले होते. पण ते सांभाळणे किती अवघड असते याचाही त्यांना पुरेपूर अनुभव आला.

मावळणकरांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्याचे, मावळंगे गावचे. जन्म बडोद्यात, १८८८ चा. सुरुवातीचे काही शिक्षण राजापुरात झाले, आणि १९०२ मध्ये ते अहमदाबादला आले ते कायमचे. घरात मराठी, कामाला गुजराती, कोर्टात इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वावरलेला हा माणूस. १९१३ मध्ये वकिली सुरू केली. १९१९ पासून ते अहमदाबाद नगरपालिकेत होते. तिथे वल्लभभाई पटेल अध्यक्ष असताना मावळणकरांनी त्यांचे काम जवळून पाहिले आणि १९३० च्या दशकात स्वतःही अध्यक्षपद सांभाळले. पाण्याच्या नळावरून आणि गटाराच्या खर्चावरून भांडणारे सदस्य ज्याने वर्षानुवर्षे ऐकून घेतले आहेत, त्याला सभा चालवण्याचे पुष्कळ शिक्षण तिथेच मिळून जाते. संसदीय इतिहासाच्या पुस्तकांत नगरपालिकेच्या या वर्षांकडे फारसे लक्ष दिले जात नाही, हे खटकते.

जुलै १९३७ मध्ये मुंबई प्रांताची नवी विधानसभा पहिल्यांदा भरली ती पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये. बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधान म्हणत) आणि मावळणकर अध्यक्ष. समोरच्या बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसत होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक याच सभागृहात मांडले. पुढच्या वर्षी औद्योगिक तंट्यांच्या विधेयकावरून तर सरकार आणि मजूर प्रतिनिधी यांच्यात चांगलीच जुंपली. अध्यक्ष काँग्रेसचा, सरकार काँग्रेसचे, विरोधात आंबेडकरांसारखा कायदेपंडित. नव्या अध्यक्षाला यापेक्षा कडक शाळा मिळाली नसती.

१९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि विधानसभेचे काम थांबले, पण मावळणकरांचे अध्यक्षपद कागदोपत्री चालूच राहिले. म्हणजे वैयक्तिक सत्याग्रहात आणि नंतर १९४२ च्या आंदोलनात जो कैदी गजांआड गेला, तो मुंबई विधानसभेचा अध्यक्षच होता. तुरुंगात ते खुनाच्या आणि दरोड्याच्या शिक्षा भोगणाऱ्या माणसांबरोबर बसले, त्यांच्या कहाण्या ऐकल्या, आणि त्यांतून ‘मानवतानां झरणां’ हे गुजराती पुस्तक लिहिले. ज्याचे म्हणणे ऐकून घ्यायला कोणी तयार नाही, अशा माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकायचे ही सवय त्यांनी वकिलीत लावून घेतली असेल, तुरुंगात ती मुरली.

अध्यक्षाचे काम बाहेरून दिसते ते घंटा वाजवण्याचे आणि ‘खाली बसा’ म्हणण्याचे. प्रत्यक्षात सभागृह भरण्याआधीच त्याचा निम्मा दिवस कामात गेलेला असतो. सकाळी टेबलावर सूचनांचा गठ्ठा येतो: स्थगन प्रस्ताव, हक्कभंग, लक्षवेधी, अल्पसूचना प्रश्न. प्रत्येक कागदावर सचिवालयाची टिप्पणी असते, पण सही अध्यक्षाची. स्थगन प्रस्ताव घेतला तर दिवसाचे ठरलेले कामकाज बाजूला पडते, म्हणून तो तपासताना चार प्रश्न पुन्हापुन्हा विचारावे लागतात. विषय नेमका आहे का? घटना ताजी आहे का? सरकारची त्यात थेट जबाबदारी आहे का? आणि हे आज न बोलता उद्या बोलले तर काही बिघडते का? या चौकटीत बसलेला प्रस्तावही सभागृहात ५० सदस्य उभे राहिले तरच पुढे जातो. सदस्यांच्या प्रश्नांची छाननीही अशीच. प्रश्नात आरोप नको, टोमणा नको, उत्तर आधीच गृहीत धरलेले नको. प्रश्नाला माहिती हवी असली पाहिजे. ही छाननी कोणाला दिसत नाही. पण नाकारलेल्या प्रत्येक सूचनेमागे एक रागावलेला सदस्य असतो आणि तो दुपारी अध्यक्षांच्या दालनात हजर होतो.

या दालनाचे महत्त्व सभागृहाइतकेच आहे. वरच्या आसनावर बसून ‘नाही’ म्हटले की भांडण होते. तीच गोष्ट दालनात चहा देऊन, नियम दाखवून आणि दुसरा मार्ग सुचवून सांगितली की बहुतेक वेळा सदस्य ऐकतो. स्थगन बसत नसेल तर अर्ध्या तासाची चर्चा मागा, ती नाही तर लक्षवेधी द्या. चांगला अध्यक्ष सदस्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही.

मग सभागृह. खाली मधल्या टेबलावर प्रतिवेदक पाच-पाच मिनिटांच्या पाळीने शब्दन् शब्द टिपून घेत असतात. सदस्य बोलतो तो समोरच्या मंत्र्याशी किंवा विरोधकाशी नव्हे, अध्यक्षांशी. महाराष्ट्राच्या विधानसभेत अजूनही वाक्यावाक्याला ‘अध्यक्ष महोदय’ ऐकू येते, ते काही नुसत्या शिष्टाचारापोटी नाही. ‘तुम्ही चोर आहात’ हे वाक्य तिसऱ्या माणसाकडे पाहून म्हणावे लागले की त्याची धार आपोआप कमी होते. अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने बसायचे असते. वेळेची वाटणी पक्षांच्या संख्येनुसार कामकाज सल्लागार समितीत आधीच झालेली असते, त्यामुळे एकट्यादुकट्या सदस्याच्या वाट्याला दोन-तीन मिनिटेच येतात. घंटा वाजते. इथे अध्यक्षाचा कस लागतो. तो एकटा सदस्य नवीन काही सांगत असेल, त्याच्या तालुक्यातली एखादी गोष्ट इतर कोणाला ठाऊकच नसेल, तर घंटेवरचा हात आवरायचा की नाही हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही. भाषण संपले की मतदान: अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे, आणि मग ‘होयचे बहुमत आहे’. हे शेवटचे वाक्य उच्चारायला दोन क्षण लागतात. त्याआधीचे सगळे तास ‘नाही’ म्हणणाऱ्यांना त्यांचे कारण सांगता यावे म्हणून असतात.

मावळणकरांना हे आसन रिकामे मिळाले नव्हते. १९२५ मध्ये अवघ्या दोन मतांनी निवडून आलेले विठ्ठलभाई पटेल हे मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित अध्यक्ष. १९२८ मध्ये सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर समसमान मते पडली तेव्हा त्यांनी आपले निर्णायक मत विधेयकाच्या विरोधात टाकले. असा असाधारण कायदा हवा असेल तर सरकारने तो अध्यक्षाच्या नव्हे, सभागृहाच्या बहुमतावर मंजूर करून घ्यावा, हा त्यामागचा विचार. तेच विधेयक पुन्हा आले आणि एप्रिल १९२९ मध्ये विठ्ठलभाई त्यावर निर्णय द्यायला उभे राहण्याच्या बेतात असताना भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब फेकले. ही कथा सगळ्यांना माहीत असते. त्याच वर्षाच्या जानेवारीत विठ्ठलभाईंनी कायदेमंडळाचे सचिवालय सरकारच्या खात्यापासून वेगळे काढून घेतले, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला माहीत नसते. ज्या कारकुनाची बढती सरकारच्या हातात, तो सरकारला अडचणीचा प्रश्न पटलावर कसा येऊ देईल? आज लोकसभेचे सचिवालय स्वतंत्र आहे त्याची पायाभरणी तिथली.

स्वातंत्र्यानंतर मात्र मावळणकरांपुढे असा एक पेच आला, जो विठ्ठलभाईंपुढे कधी नव्हता. इंग्रज सरकार सभागृहाला जबाबदार नव्हते, त्यामुळे स्थगन प्रस्ताव हे त्याच्यावर तोफ डागण्याचे हत्यार होते, आणि अध्यक्ष ते हत्यार उदारपणे वापरू देत. आता सरकार लोकांनी निवडलेले, सभागृहाला जबाबदार. मावळणकरांनी भूमिका घेतली की आता रोजचे कामकाज थांबवण्याचे कारण खरोखरच असाधारण असले पाहिजे. बाकीच्या तक्रारींना इतर वाटा हव्यात. त्या वाटाही त्यांच्याच काळात तयार झाल्या: अर्ध्या तासाची चर्चा, अल्पकालीन चर्चा, आणि १९५४ मध्ये लक्षवेधी सूचना. लक्षवेधी ही तर भारतीय संसदेची स्वतःची निर्मिती आहे. इंग्लंडच्या सभागृहातून ती आलेली नाही. आज नागपूरच्या अधिवेशनात एखादा आमदार कापसाच्या भावावर किंवा धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावर लक्षवेधी लावतो, त्या प्रथेची सुरुवात त्या काळातली आहे.

तरीही विरोधकांच्या रागाला कारण होते. स्थगन प्रस्ताव स्वीकारला जाणे म्हणजे सरकारवर ठपका. लक्षवेधी म्हणजे मंत्र्याचे निवेदन आणि एखाद-दुसरा खुलासा. दोन्हींचे वजन सारखे नव्हे. मावळणकरांचा तर्क बरोबर होता, पण ३६४ जागा हातात असलेल्या काँग्रेससमोर मूठभर विरोधकांना तो तर्क दाराला लावलेल्या कडीसारखा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

समित्यांच्या बाबतीत त्यांचे काम वादातीत आहे. पूर्वी लोकलेखा समितीच्या प्रमुखपदी खुद्द सरकारचा अर्थ सदस्य बसत असे. १९५० पासून ती अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली. अंदाज समिती त्याच वर्षी. १९५३ मध्ये आश्वासन समिती आली. तिचे काम तर फारच रोखठोक आहे. मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’, ‘विचार करू’, ‘लवकरच निर्णय घेऊ’ असे म्हणतात. ही समिती ती वाक्ये कामकाजाच्या नोंदींतून वेचून काढते आणि महिनोन्‌महिने विचारत राहते, झाले का? जगातल्या दुसऱ्या संसदांनाही ही कल्पना सुचायला हवी होती.

शिस्तीचा प्रसंगही लवकरच आला, आणि तो मुंबईशी जोडलेला होता. मुंबईच्या सराफ बाजाराच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिच्या बाजूने प्रश्न विचारल्याचा आरोप हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर झाला. १९५१ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, आरोप सिद्ध झाला आणि हकालपट्टीचा ठराव पुढे येत असताना मुद्गलांनी राजीनामा दिला. प्रश्न विचारण्याचा हक्क ज्याने एवढा जपला, त्याच्याच कारकिर्दीत तो हक्क विकला गेल्याचे उघड झाले. सभागृहाने ते झाकून ठेवले नाही.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९५१ मध्ये, अध्यक्षीय आसनाकडून झालेल्या एका निर्णयाची सल मात्र मराठी वाचकाला आजही जाणवते. हिंदू कोड बिलाच्या अनुभवानंतर बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि परंपरेप्रमाणे सभागृहात निवेदन करायला ते उभे राहिले. आसनावर त्या वेळी मावळणकर नव्हते. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार होते. त्यांनी निवेदनाची प्रत आधी मागितली आणि संध्याकाळी बोलावे असे सांगितले. राजीनामा दिलेल्या मंत्र्याला कधी आणि काय बोलायचे हे आसनाने ठरवावे, हे बाबासाहेबांनी मान्य केले नाही. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. पुढे ते साऱ्या देशाने वाचले, पण संसदेच्या त्या दिवसाच्या कामकाजात ते त्यांच्या तोंडून उच्चारले गेले नाही. उपाध्यक्षांचा हेतू काहीही असो, काही तासांच्या वेळेवरून एका माणसाचा आवाज सभागृहाने गमावला. अध्यक्षाच्या हातातली खरी सत्ता किती साध्या गोष्टीत असते, हे सांगायला दुसऱ्या उदाहरणाची गरज नाही.

मावळणकर सरकारलाही सुनावत असत, फक्त ते बहुधा पत्रांतून. अधिवेशन तोंडावर असताना वटहुकूम काढण्याची सवय सरकारला लागू लागली, तेव्हा १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये त्यांनी लिहून कळवले की वटहुकूम हा तातडीचा अपवाद असला पाहिजे, वेळ कमी पडतो म्हणून वापरायचे साधन नव्हे. पंतप्रधान नेहरू, आणि अध्यक्ष त्यांच्याच पक्षाचा. तरी पत्रे गेली.

१५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने त्यांना अध्यक्ष निवडले. विरोधात शेतकरी कामगार पक्षाचे, सोलापूरचे शंकरराव मोरे उभे होते. मते ३९४ विरुद्ध ५५. हा विजय मोठा होता, पण १९४६ च्या तीन मतांपेक्षा सोपा म्हणता येणार नाही. आता आव्हान उलट बाजूचे होते. एवढे मोठे बहुमत ज्याच्या पाठीशी आहे, तो त्या ५५ जणांना आपला वाटायचा कसा?

दोन-अडीच वर्षांत उत्तर मिळाले, आणि ते कठोर होते. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत चर्चेला आला. विघ्नेश्वर मिश्र यांनी तो मांडला. स्थगन प्रस्ताव आणि प्रश्न नाकारले जातात, अध्यक्ष सत्ताधारी पक्षाकडे झुकतात, हा आरोपांचा गाभा. राज्यघटनेप्रमाणे असा ठराव चालू असताना अध्यक्षाला आसनावर बसता येत नाही. तो सदस्यांत बसू शकतो, बोलू शकतो, मतही देऊ शकतो, पण निर्णायक मत त्याला नाही. त्या दिवशी आसनावर अय्यंगार होते.

त्या चर्चेत नेहरूंनी जे केले ते वाचताना आजही मान आदराने लवते. वेळ मर्यादित होता. त्यातला मोठा भाग विरोधकांना द्यावा असा आग्रह त्यांनी धरला. आपल्या पक्षाच्या सदस्यांना त्यांनी सांगितले की हा पक्षाचा प्रश्न नाही, पक्षादेश विसरून सदसद्विवेकाने मत द्या. त्याच वेळी अध्यक्षाच्या प्रामाणिकपणावर असा संशय घेणे म्हणजे सभागृहाचाच मान उतरवणे आहे, हे त्यांनी कडक शब्दांत सुनावले. ठराव फेटाळला गेला. तो फेटाळला जाणारच होता, हे मांडणाऱ्यांनाही ठाऊक होते. तरीही ५० सदस्यांनी उभे राहून ठरावाला अनुमती मिळवायची, अध्यक्षाने खाली उतरून बसायचे आणि त्याच्या तोंडावर त्याच्या कारभाराचा पाढा वाचला जायचा, हे सगळे पार पडले. आपल्याविरुद्धची तक्रारही त्याच सभागृहात, त्याच नियमांनी ऐकली जावी, ही मावळणकरांची परीक्षा होती, आणि संसदेने ती टाळली नाही. त्यानंतर ते पुन्हा आसनावर गेले आणि त्याच सदस्यांची नावे पुकारू लागले.

या प्रसंगाच्या मुळाशी जो प्रश्न होता, त्यावर मावळणकर आधीपासून विचार करत होते. इंग्लंडमध्ये स्पीकर निवडला गेला की पक्ष सोडतो, आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष त्याच्याविरुद्ध सहसा उमेदवार देत नाहीत. त्यामुळे उद्याच्या तिकिटाची काळजी त्याला नसते. इथे तशी सोय नव्हती. मावळणकरांचे म्हणणे सरळ होते: अध्यक्षाच्या मतदारसंघात लढत होणार असेल, तर त्याने पक्षाशी नाते पूर्ण तोडावे अशी अपेक्षा करता येणार नाही. तोवर एवढेच करता येते की त्याने पक्षाच्या बैठकांपासून, वादांपासून, प्रचारापासून दूर राहावे. बिनविरोध निवडणुकीचा संकेत रुजावा म्हणून त्यांनी आणि पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदेने प्रयत्न केले, ते पक्षांनी मनावर घेतले नाहीत. १९६८ मध्ये महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या नेतृत्वाखालच्या समितीने हाच विषय पुन्हा हाती घेतला आणि ज्याने निःपक्षपणे काम केले त्या अध्यक्षाला पुढच्या सभागृहातही राहू द्यावे असे सुचवले. रोजगार हमी योजनेमुळे महाराष्ट्राला माहीत असलेल्या पाग्यांचे हे काम तितकेच मोलाचे आहे, पण ते विस्मरणात गेले.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी मावळणकर अहमदाबादमध्ये गेले, पदावर असतानाच. त्यांच्या जागेवर पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. पुढे त्यांचे पुत्र पुरुषोत्तम मावळणकर अपक्ष खासदार झाले. जुलै १९७५ मध्ये आणीबाणी लागल्यानंतरच्या पहिल्याच अधिवेशनात सरकारने ठराव करून प्रश्नोत्तरे आणि लक्षवेधी बाजूला ठेवल्या, म्हणजे वडिलांनी जी साधने जपली आणि घडवली तीच बहुमताने मोडीत काढली. त्या काळातली पुरुषोत्तमरावांची संसदेतली भाषणे ‘नो, सर’ या नावाच्या इंग्रजी पुस्तकात आली. साधने नसताना एकट्या अपक्षाने बोलत राहणे काय असते, हे त्यात दिसते.

नंतरच्या अध्यक्षांपैकी काहींनी आपापल्या पद्धतीने पक्षापासून अंतर राखले. नीलम संजीव रेड्डी यांनी १९६७ मध्ये निवड होताच काँग्रेसचा राजीनामा दिला. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावेळी ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले, पण लोकसभेचे सदस्यत्व न सोडलेले गिरिधर गमांग मत द्यायला आले. अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी ज्या तेलुगू देसमचे, तो पक्ष सरकारच्या बाजूला होता; तरी त्यांनी निर्णय गमांग यांच्या सदसद्विवेकावर सोपवला. सरकार २६९ विरुद्ध २७० असे पडले. २००८ मध्ये अणुकराराच्या वेळी मार्क्सवादी पक्षाने पाठिंबा काढला आणि सोमनाथ चटर्जींनी पद सोडावे असे म्हटले. त्यांनी पद सोडले नाही, पक्षाने त्यांनाच काढले. समित्यांचे कामही पुढे वाढले: लातूरच्या शिवराज पाटलांच्या काळात, १९९३ मध्ये, खात्यांनुसार स्थायी समित्या आल्या. अर्थसंकल्पाच्या मागण्या चर्चेविना मंजूर होण्याच्या काळात त्यांचे मोल वाढतच गेले आहे.

पक्षापासून वैयक्तिक अंतर राखून न सुटणारी गोष्ट मात्र १९८५ मध्ये आली. घटनेच्या दहाव्या अनुसूचीने पक्षांतर केलेल्या सदस्याच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षाकडे सोपवला. सभागृहात कोण बोलेल हे ठरवणारा माणूस आता सभागृहात कोण बसेल हेही ठरवू लागला, आणि तेही नेमक्या त्या तंट्यात, ज्यात त्याचा स्वतःचा पक्ष बहुधा एक बाजू असतो. मावळणकरांना हे काम कधी करावे लागले नाही. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्ष इथे न्यायाधिकरण म्हणून वागतो आणि त्याच्या निर्णयाची न्यायालयात तपासणी होऊ शकते असे म्हटले. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले: सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत निकाल द्यावा, आणि हे काम अध्यक्षाकडून काढून कायमच्या न्यायाधिकरणाकडे द्यायचे का, याचा संसदेने विचार करावा.

महाराष्ट्राने हे फार जवळून पाहिले. शिवसेनेतल्या २०२२ च्या फुटीनंतरच्या अपात्रता याचिका विधानसभा अध्यक्षांपुढे आल्या, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वाजवी मुदतीत निकाली काढायला सांगितले आणि पुढे मुदतही घालून दिली. डिसेंबरमध्ये नागपूरचे हिवाळी अधिवेशन चालू असताना सुनावणीही तिथेच चालू होती. अध्यक्षांना सभागृहात प्रश्नोत्तरे, लक्षवेधी, विधेयके सांभाळायची होती आणि त्याच दिवसांत साक्षीदारांची उलटतपासणी ऐकायची होती. १० जानेवारी २०२४ रोजी निकाल आला: शिंदे गट हीच शिवसेना ठरली, आणि दोन्हीकडच्या कोणत्याही आमदाराला अपात्र केले गेले नाही. एका बाजूला तो न्याय वाटला, दुसरी बाजू पुन्हा न्यायालयात गेली. निकाल उलटा लागला असता तरी असेच झाले असते, फक्त बाजू बदलल्या असत्या. कारण आसनावरचा माणूस कितीही काटेकोर असला, तरी पुढच्या निवडणुकीत त्याला कोणत्या तरी पक्षाच्या चिन्हावर मते मागायला जायचे असते. पागे समितीने सुचवलेला संकेत आजवर कोणत्याही मोठ्या पक्षाने स्वीकारलेला नाही, आणि २०२० मधल्या न्यायालयाच्या सूचनेवर संसदेने अजून कायदा केलेला नाही.